शाश्वत उद्योगांचे प्रदर्शन आणि सल्लागाराचे काम

कोल्हापूर शहरापासून सुमारे ५५ किलोमीटर अंतरावर, सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर गगनबावडा वसले आहे. करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट येथूनच कोकणात उतरतात. वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस येथे पडतो. पंचगंगेला मिळणारी कुंभी नदी याच तालुक्यात उगम पावते. खोऱ्यातील सखल जमिनीत भात व ऊस, डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी, आणि रानात करवंद, जांभूळ, फणस, शिकेकाई, बांबू व मध ही या भागाची संपत्ती होय.

या संपत्तीवर आधारलेले छोटे उद्योग उभे करावयाचे, तर माल शहरातील ग्राहकापर्यंत पोचला पाहिजे. त्यासाठी प्रदर्शन हे सोयीचे साधन आहे. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातर्फे, म्हणजेच ‘उमेद’तर्फे, मुंबईत भरणारे ‘महालक्ष्मी सरस’ हे त्याचे परिचित उदाहरण. तथापि अलीकडे ‘शाश्वत उद्योग’ या विषयावर जी प्रदर्शने भरतात, त्यांत केवळ उत्तम माल मांडून भागत नाही. हा माल कोठून आला, कसा तयार झाला आणि पुढील दहा वर्षे असाच मिळेल काय, असे प्रश्न तेथे विचारले जातात. उत्पादक गटाबरोबर जाणाऱ्या सल्लागाराचे काम या प्रश्नांपासून सुरू होते.

प्रदर्शनांची बदलती दृष्टी

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये भरलेल्या प्रदर्शनाने यंत्रयुगाचे वैभव जगापुढे मांडले. महाराष्ट्रात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९० मध्ये पुण्यास औद्योगिक परिषद भरवून देशी उद्योगांच्या प्रश्नांची पद्धतशीर चर्चा सुरू केली. अधिक उत्पादन व अधिक विक्री हीच त्या काळात प्रगतीची खूण मानली जाई.

१९८७ साली ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालाने विकासाची नवी कसोटी पुढे ठेवली. आजच्या पिढीच्या गरजा भागविताना पुढील पिढ्यांची गरज भागविण्याची शक्ती कमी होता कामा नये, असा तिचा आशय आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सतरा उद्दिष्टांपैकी बारावे उद्दिष्ट जबाबदार उत्पादन व उपभोग यांविषयी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातही फेब्रुवारी २०२३ मध्ये कणेरी मठावर पंचमहाभूत लोकोत्सव भरला, त्याचा मुख्य विषय पर्यावरण हाच होता.

बावड्याच्या भूमीला हा विचार परका नाही. बावडा हे पंत अमात्यांच्या जहागिरीचे ठिकाण. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील ‘आज्ञापत्र’ हा राजनीतीवरील ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे ओळखला जातो. त्यात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी स्पष्ट निर्बंध सांगितले आहेत. आंबा, फणस यांसारखी झाडे वाढण्यास दीर्घ काळ लागतो आणि रयतेने ती मायेने वाढविलेली असतात, म्हणून ती बळजोरीने तोडू नयेत, असा त्याचा अभिप्राय आहे. राज्याची निकड मोठी असली तरी झाडाच्या वाढीचा वेग तिच्यासाठी बदलत नाही, हे तेथे मान्य केले आहे. बाजारातील मागणीलाही हेच तत्त्व लागू पडते.

निघण्यापूर्वीचे तीन हिशेब

सल्लागार म्हणून कृषी सहायक, अभियानाचे कर्मचारी, कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञ, सहकारी संस्थेचे अनुभवी सचिव किंवा निवृत्त शिक्षक जाऊ शकतात. पद कोणतेही असो, प्रदर्शनास निघण्यापूर्वी त्यांनी गटाबरोबर बसून तीन हिशेब पूर्ण केले पाहिजेत.

पहिला हिशेब रानाचा. करवंद, जांभूळ व फणस उन्हाळ्यात पिकतात, तर बहुतेक मोठी प्रदर्शने हिवाळ्यात भरतात. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर येथे उन्हात वाळवण घालणे शक्य नसते. म्हणजे एप्रिल-मेमध्ये प्रक्रिया करून ठेवलेला माल सहा-आठ महिने टिकला, तरच तो प्रदर्शनात मांडता येतो. त्यासाठी सौर वाळवणी यंत्र, हवाबंद बरण्या व कोरडी साठवणीची जागा यांची तयारी आधी व्हावी लागते.

मधाची गोष्ट अधिक नाजूक आहे. मधातील पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असे अन्नसुरक्षा मानक सांगते. पोळ्यातील बहुतेक घरे मेणाने बंद होण्यापूर्वीच मध काढला तर तो पातळ राहतो व आंबतो. दमट हवेत उघडा राहिलेला मधही पाणी शोषून घेतो. आग्या मोहोळ रात्री जाळून मध काढण्याची रीत तर पुढील वर्षाचे उत्पन्नच नष्ट करते. केवळ मधाचा भाग कापून पिलाव्याचा भाग राखणे, किंवा सातेरी माशांच्या पेट्या ठेवणे, हे त्यावरील उपाय होत. सातारा जिल्ह्यातील मांघर हे २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून घोषित झाले. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्याच्याच भुदरगड तालुक्यातील पाटगावने ती वाट धरली. गगनबावड्यातील गटांनी पाटगावास भेट देणे सहज शक्य आहे.

दुसरा हिशेब खर्चाचा. समजा, नाचणीच्या एक किलो पिठासाठी धान्याचे ४५ रुपये, दळणाचे ८, पिशवी व लेबलाचे १० आणि वाहतुकीचे १० रुपये पडतात. एकूण ७३ रुपये झाले. घाऊक व्यापाऱ्याने ८० रुपये देऊ केले, तर सात रुपये नफा दिसतो. परंतु निवडणे, वाळविणे, भरणे या कामांची १२ रुपये मजुरी धरताच खर्च ८५ रुपयांवर जातो, आणि त्या सौद्यात किलोमागे पाच रुपयांचा तोटा होतो. आकडे उदाहरणादाखल असले तरी चूक नेहमीची आहे. घरच्या बाईच्या श्रमाला मोल नाही असे गृहीत धरूनच पुष्कळदा नफा काढला जातो. ज्या उद्योगात काम करणारीला मजुरी सुटत नाही, तो शाश्वत म्हणता येत नाही.

तिसरा हिशेब शब्दांचा. ‘सेंद्रिय’, ‘नैसर्गिक’, ‘पर्यावरणपूरक’ हे शब्द लेबलावर छापणे सोपे असते. ते सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र उत्पादकावर येते. सेंद्रिय अन्नपदार्थांसाठी २०१७ चे स्वतंत्र विनियम आहेत. प्रमाणीकरणाच्या दोन पद्धती प्रचलित आहेत: एक त्रयस्थ संस्थेकडून होणारी, आणि दुसरी शेतकऱ्यांच्या स्थानिक गटाने परस्परांच्या शेताची पाहणी करून केलेली सहभाग हमी पद्धती. लहान शेतकऱ्यांना दुसरी पद्धती कमी खर्चाची पडते. पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांना आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. दाव्यामागे पडताळता येईल असा पुरावा असावा, हा त्यांचा गाभा आहे.

येथे एक साधे उदाहरण पुरेसे आहे. एखाद्या डोंगरावरील कारवी सर्वसाधारणपणे सात वर्षांतून एकदाच फुलते. तेव्हा त्याच डोंगरावरचा ‘कारवीचा मध’ दरवर्षी मिळतो असे लेबल खरे असू शकत नाही. अशा वेळी ‘गगनबावडा परिसरातील रानफुलांचा मध’ एवढेच लिहिणे प्रामाणिकपणाचे व सुरक्षितही ठरते. त्याखेरीज अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी क्रमांक, निव्वळ वजन, घटक, उत्पादनाचा दिनांक, टिकण्याचा काळ आणि गटाचा पूर्ण पत्ता या बाबी पाकिटावर असणे आवश्यक आहे.

प्रदर्शनाच्या मांडवात

प्रदर्शनात सल्लागाराने गाळ्याच्या पुढे उभे राहू नये. बोलण्याचा अधिकार माल तयार करणाऱ्या भगिनींचा आहे. नाचणी कोणत्या उतारावर पिकते, फणस कोणत्या महिन्यात उतरवितात, हे त्या जितक्या सहजतेने सांगतात तितके कोणतेही माहितीपत्रक सांगू शकत नाही. ग्राहकाचा विश्वास बसतो तो अशा बोलण्यावर. सल्लागाराने शेजारी बसून तीन गोष्टी टिपाव्यात: ग्राहकांनी कोणते प्रश्न वारंवार विचारले, कोणत्या आकाराची पाकिटे संपली, आणि कोणत्या शंकेला गटाजवळ उत्तर नव्हते.

खरी कसोटी मोठी मागणी आली म्हणजे लागते. समजा, एका गटाला संपूर्ण हंगामात ६० किलो मध मिळतो आणि शहरातील एक व्यापारी दरमहा १०० किलोची मागणी नोंदवू इच्छितो. वर्षाची ही मागणी १,२०० किलो, म्हणजे उत्पन्नाच्या वीस पट झाली. आनंदाच्या भरात होकार दिला, तर पुढे दोनच मार्ग उरतात: बाहेरचा मध आणून आपल्या नावाने विकणे, किंवा रानातील प्रत्येक पोळे उतरविणे. पहिल्याने नाव जाते, दुसऱ्याने रान जाते. यास्तव ‘यंदा ६० किलो, आणि पेट्या वाढल्यावर पुढे अधिक’ असे स्पष्ट उत्तर देण्याचे धैर्य गटाला देणे हे सल्लागाराचे सर्वांत मोठे काम होय. त्याबरोबरच माल उचलण्यापूर्वी काही रक्कम आगाऊ घेणे, दर लेखी ठरविणे आणि उधारीची मुदत बांधणे या व्यवहाराच्या बाबीही पाहिल्या पाहिजेत.

अशा ठिकाणी यंत्रे, बरण्या व प्रमाणपत्रे विकणाऱ्यांचेही गाळे असतात. त्यांपैकी कोणाकडूनही सल्लागाराने दलाली स्वीकारू नये. सल्ला आणि विक्री एकाच हातात गेली, की गटाची गरज मागे पडते. गावात वीजपुरवठा वारंवार खंडित होत असेल, तर विजेवर चालणारे महागडे यंत्र उत्तम असूनही निरुपयोगी ठरते, हे सांगणारा माणूस गटाजवळ असला पाहिजे.

परतल्यानंतर

प्रदर्शनातून परतल्यावर आठ-पंधरा दिवसांच्या आत ग्रामसंघाच्या बैठकीत विक्री, खर्च, उरलेला माल व आलेल्या मागण्या यांचा तपशील मांडावा. अनेक गटांची एकत्रित मागणी प्रभाग संघामार्फत पुरविता येईल काय, हेही त्याच बैठकीत ठरवावे.

या कामी पंचायतीची जबाबदारी विशेष आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. कोणत्या रानात काय, किती व केव्हा मिळते याची नोंद या वहीत नीट असेल, तर ‘किती माल देता येईल’ या व्यापाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर गावाजवळ तयारच राहते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ज्या ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळाले आहेत, त्यांना गौण वनोपज गोळा करण्याबरोबर त्याचे रक्षण करण्याचाही अधिकार आहे. शिकेकाईच्या शेंगा तोडताना वेल तोडू नये, पोळे जाळू नये, काही फळे पक्ष्यांसाठी व बीजासाठी राखावीत, असे नियम ग्रामसभेने एकमताने केले तर ते पाळले जाण्याचा संभव अधिक असतो.

शिक्षकांनाही यात वाटा उचलता येईल. कोणते झाड कोणत्या आठवड्यात फुलले, फळे केव्हा धरली, याची दिनदर्शिका विद्यार्थ्यांकडून दरवर्षी भरून घेतल्यास तीन-चार वर्षांत गावाजवळ मोलाची माहिती जमा होईल. विद्यार्थ्यांना तो निसर्गाचा पाठ ठरेल आणि उत्पादक गटांना नियोजनाचा आधार मिळेल.

आजरा तालुक्यातील घनसाळ तांदळास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापुरी गूळ व चप्पल यांनाही तो मान लाभला आहे. गावाचे नाव मालाला जोडले जाते, तेव्हा मालाची प्रत राखण्याचे दायित्वही गावाकडे येते. गगनबावड्याचे नाव असलेली बरणी उद्या शहरातील फळीवर दिसेल, तेव्हा तिच्यातील वस्तू खरी असावी, ती करणारीला तिच्या कष्टाचे मोल मिळालेले असावे आणि ती देणारे रान जागेवर शाबूत असावे. या तिन्ही गोष्टी ज्याच्या वहीत नोंदलेल्या आहेत, तोच सल्लागार प्रदर्शनास पाठविण्यास योग्य समजावा.