बिघडलेल्या मालाचा हिशेब

परळच्या आमच्या चाळीत 'साचा' हा शब्द दोन अर्थांनी चालायचा. बाबा मिलच्या साचेखात्यात फिटर, त्यामुळे त्यांच्या तोंडी साचा म्हणजे माग. मागच्या गल्लीत ताडपत्रीखाली गणपतीचा कारखाना लागायचा, तिथे साचा म्हणजे मूर्तीचा. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पोरं त्या दुसऱ्या साच्याभोवती पडीक असायचो. मला पहिलं काम मिळालं ते शाडूचा उंदीर करायचं. कान तुटला की कारागीर उंदीर उचलून कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपात टाकायचा. ओरडा नाही, उपदेश नाही. दुसऱ्या दिवशी तीच माती मळून पुन्हा हातात. पीओपीला मात्र तो आम्हाला शिवू देत नसे. ते काही मिनिटांत धरतं, आणि एकदा धरलं की पाण्यात टाकूनही मऊ होत नाही. पोराच्या हाती काय द्यायचं हे तिथे पोराच्या वयावरून ठरत नसे, मालाच्या स्वभावावरून ठरे.

पुढे मी अप्लाइड आर्ट शिकलो, त्यावरच पोट भरलं. आता मागे वळून बोरीबंदर ते दादर या पट्ट्यात लोक हाताने कसकसे शिकत आले हे आठवायला बसलो की मला त्या पिंपाचाच नाद लागतो. शिकणाऱ्याच्या हातून बिघडलेला माल जायचा कुठे? आणि त्याचे पैसे कोण भरायचं?

जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. सर जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपये दिले आणि 1857 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत वर्ग सुरू झाले. सुरुवातीला सगळा भर रेखाटनावर होता. तिथे चुकलं तर कागद आणि खोडरबर यांच्यापलीकडे काही जात नव्हतं. 1865 मध्ये इंग्लंडहून तीन शिक्षक आले: सजावटीच्या चित्रकामासाठी जॉन ग्रिफिथ्स, मूर्तिकामासाठी लॉकवुड किपलिंग आणि लोखंडी नक्षीकामासाठी हिगिन्स. त्यांच्या कार्यशाळा सुरू झाल्या आणि शाळेत धूळ, धूर, ठोकाठोक आली. (किपलिंगांचा मुलगा रुडयार्ड त्याच वर्षाच्या डिसेंबरात जे.जे.च्या आवारात जन्मला. आवाराबद्दल बोलताना लोक एवढंच सांगतात, वडिलांच्या कामाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं त्यांची, आणि आपण त्यांच्याखालून आंबे घेऊन निघून जातो.)

मग 1878 मध्ये जवळच व्हिक्टोरिया टर्मिनसचं काम निघालं. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा, पण दगडी वेलबुट्टी, मोर, माकडं, खारी यांचे नमुने ग्रिफिथ्सच्या हाताखाली जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी केले. दहा वर्षं हे काम चालू होतं. वर्गात केलेली खार पाथरवटाच्या छिन्नीखालून निघून भिंतीवर बसते, तिच्याखालून रोज गाड्या सुटतात, असं 'सबमिशन' नंतर कुठल्या बॅचच्या नशिबी आलं मला माहीत नाही. चुकीची खार दगडात जाण्याआधी कुणीतरी नमुना फोडायला सांगत असणार. तो फोडलेला नमुना म्हणजे खरी फी.

याच ग्रिफिथ्सनी 1872 पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. काम 1885 पर्यंत चाललं. लंडनला पाठवलेल्या त्यातल्या कितीतरी नकला साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. कॅनव्हास गेले, पण त्या लेण्यांत तयार झालेली नजर आणि हात मुंबईतच राहिले.

शाळेचं दार ज्यांना उघडं नव्हतं ते कारखान्यात शिकले. जावजी दादाजी चौधरी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायच्या कामाला लागले. 1864 मध्ये त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली, पुढे निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरूंसारखा अक्षरं कोरणारा माणूस त्यांच्यासोबत होता. निर्णयसागरच्या देवनागरीचं वळण पुढच्या कित्येक पिढ्यांच्या डोळ्यांना लागलं. आता खिळ्याचा स्वभाव बघा: कान्याची रेघ जाड आली, शिरोरेखा जुळली नाही, तर खिळा पुन्हा वितळवायच्या भांड्यात. शिसं तक्रार करत नाही. ही शाडूचीच जात.

सिनेमाच्या फिल्मला हा गुण नाही, आणि म्हणून फाळक्यांची गोष्ट मला नेहमी धास्तीची वाटते. 1885 मध्ये जे.जे., मग बडोद्याचं कलाभवन, छायाचित्रण, साचेकाम, छपाई, जादूचे प्रयोगसुद्धा. गिरगावात 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' पाहून या माणसाने ठरवलं की आपण सिनेमा करायचा. विमा पॉलिसी तारण ठेवून 1912 मध्ये लंडन गाठलं आणि कॅमेरा आणला. पण सरळ हरिश्चंद्राच्या सिनेमाला हात घातला नाही. आधी कुंडीत वाटाणा पेरला आणि थोड्याथोड्या वेळाने एकेक चौकट घेत राहिले. पडद्यावर मात्र कोंब भराभर उगवला. 'अंकुराची वाढ' नावाचा हा तुकडा दाखवून त्यांनी भांडवल मिळवलं. स्वस्तातला, कमी फिल्मचा, न बोलणारा आणि पगार न मागणारा नट! वर्कशॉपमधला कुठलाही जुना उस्ताद हेच सांगेल: आधी लहान तुकड्यावर हात बसव.

दादरच्या त्यांच्या बिऱ्हाडात स्वयंपाकघराची डार्करूम झाली. कच्च्या फिल्मला कडेची भोकंही नसायची, ती घरी पाडावी लागत. हे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचं. अंधारात बोटांनी चाचपत, एका अंतराने, चूक न करता. फिल्म धुवायची त्यांनी, उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर प्रकाश पाडायचा त्यांनी, आणि इतक्या मंडळींना जेवायला घालायचं तेही त्यांनी. भोक चुकलं तर गेलेला माल कुणाच्या देणगीतून भरून येणार नव्हता. त्यांचे दागिनेही या धंद्यात गेले. 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा पडद्यावर कला होती की यंत्र, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडला असेल असं वाटत नाही.

तो प्रश्न शाळांना पडतो. 1935 मध्ये जे.जे.त कमर्शियल आर्टचा विभाग निघाला आणि 1958 मध्ये एका आवाराची तीन वेगळी कॉलेजं झाली: कला, उपयोजित कला, वास्तुकला. कारभाराला ते सोयीचं असेल. आमच्या वेळी मात्र अप्लाइडच्या पोराला मूर्तिकामाच्या मुलांकडे जायचं तर कुणाशी तरी ओळख काढून, चोरासारखं जावं लागे. गणपतीच्या हंगामात हीच तीन कॉलेजांची मुलं लालबागच्या कारखान्यांत रात्रपाळीला भेटायची. कुणी आखणी करतंय, कुणी स्प्रे मारतंय, कुणी सांगाड्याला काथ्या गुंडाळतंय. तिथे कुठला विभाग म्हणून कुणी विचारत नसे.

मूर्ती उंच होत गेल्या तसा सांगाडाही कलेचा भाग झाला. 1977 मध्ये लालबागच्या गणेशगल्ली मंडळासाठी दीनानाथ वेलिंगांनी 22 फुटांची मूर्ती घडवली. त्या उंचीला नुसत्या मातीची समज पुरत नाही, वजनाची समज लागते. आमच्या छोट्या मंडळाला एवढी ऐपत नव्हती, म्हणून आम्ही हलते देखावे करायचो. एका वर्षी द्रोणागिरी घेऊन उडणारा मारुती ठरला. मिक्सरची जुनी मोटर, सायकलची चेन आणि बाबांनी घरी कानस मारून केलेला कॅम. उद्घाटनाच्या संध्याकाळी बटण दाबलं आणि मारुतीराय पर्वत घेऊन उलटे लंकेबाहेर निघाले. मांडवात हशा पिकला. बाबा मागे शिरले, दोन मिनिटांत कॅम फिरवून बसवला आणि मला म्हणाले, "चित्र तू काढलंस, पण चाल कुठल्या बाजूला हे बघितलं नाहीस." चित्राला चाल असते हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. हळूहळू मिली गेल्या आणि त्यांच्याबरोबर संध्याकाळी पाना-कानस घेऊन मांडवात येणारी माणसंही. देखावे नंतरही झाले, पण मोटरी भाड्याने यायला लागल्या.

कला आणि यंत्र यांच्या या फाटाफुटीतून आरपार गेलेला एक माणूस म्हणजे र. कृ. जोशी. जे.जे.त शिकले, तिथेच शिकवलं, जाहिरातीत काम केलं. हातात कटनिब आणि ब्रश असलेला हा माणूस पुढे संगणकासमोर बसला, आणि आज लाखो लोक ज्यात टाइप करतात तो मायक्रोसॉफ्टचा 'मंगल' फाँट त्यांच्या हातचा. राणोजींचं कोरीव काम आणि जोशींचा फाँट यांच्यामध्ये शंभरावर वर्षं आहेत, पण शिरोरेखेची कटकट तीच.

2023 मध्ये जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तुटलेली कॉलेजं पुन्हा एका छपराखाली यायची वाट त्यातून निघाली.

गेल्या दिवाळीत भाच्याने त्याच्या शाळेची नवी लॅब दाखवली. दादरच्या बाजूची शाळा. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, सोल्डरिंगची टेबलं. बघून हेवा वाटला. दारापाशी एक रजिस्टर टांगलेलं होतं: नाव, इयत्ता, फिलामेंट किती ग्रॅम वापरलं, किती ग्रॅम वाया गेलं. शेवटच्या रकान्यात पानभर शून्यं. भाच्याने अभिमानाने हातात छोटा गणपती ठेवला. एक कंगोरा इकडचा तिकडे नाही.

"करताना किती बिघडले?" मी विचारलं.

"एकपण नाही, मामा. नेटवरून तयार डिझाइन घेतलं."