स्लम सॉकर

स्लम सॉकर ही फुटबॉलच्या माध्यमातून वंचित वस्त्यांमधील मुलांसाठी कार्य करणारी नागपूर येथील स्वयंसेवी संस्था आहे. शाळेत न रमणारी, शाळा सुटलेली किंवा 'उनाड', 'गुंड' असे शिक्के बसलेली मुले हा तिच्या कार्याचा आरंभापासूनचा केंद्रबिंदू होय.

स्थापना

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये या कार्याचा प्रारंभ केला. भर पावसात झोपडपट्टीतील काही मुले तुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांना दिसली. खेळात गुंतलेली मुले तेवढा वेळ व्यसने व भांडणे यांपासून दूर राहतात, हे निरीक्षण त्यांच्या कार्याचा पाया ठरले. त्यातून 'झोपडपट्टी फुटबॉल' स्पर्धा सुरू झाली. पुढे त्यांचे पुत्र अभिजीत बारसे यांनी संस्थेची धुरा सांभाळली.

कार्यपद्धती

वर्तनसमस्या असलेल्या मुलाला वर्गाबाहेर काढल्यास वर्गात शांतता नांदते, परंतु मुलाची समस्या जशीच्या तशी राहते. मैदानावर नियम सर्वांना सारखे असतात आणि नियमभंगाचा परिणाम तत्काळ दिसतो. चेंडू सहकाऱ्याकडे न दिल्यास संघ हरतो. त्यामुळे संयम व सहकार्य यांची गरज मुलाला उपदेशाविना पटते. 'एज्युकिक' या उपक्रमात खेळांतून गणित व इंग्रजी शिकवले जाते. वस्तीतीलच ज्येष्ठ खेळाडू प्रशिक्षक होतात.

शालेय शिक्षणाशी संबंध

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांनाही मनाई आहे. मात्र पटावर नाव राहिले म्हणजे मूल शिकतेच असे नाही. ही उणीव भरून काढण्यास मैदान साहाय्यभूत ठरते. तथापि ते शाळेला पर्याय नाही. पुढील शिक्षणासाठी व रोजगारासाठी लागणारे प्रमाणपत्र केवळ खेळातून मिळत नाही.

सहभाग व गौरव

बेघर व वंचित खेळाडूंसाठीच्या 'होमलेस वर्ल्ड कप' या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत भारतीय संघ या संस्थेमार्फत सहभागी होतो. या स्पर्धेत प्रत्येक संघाचे ४ खेळाडू मैदानात असतात आणि सामना ७ मिनिटांच्या दोन सत्रांत होतो. २०१६ मध्ये संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला.

चित्रपट

विजय बारसे यांच्या कार्यावर आधारित 'झुंड' हा नागराज मंजुळे दिग्दर्शित हिंदी चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. त्यात प्रशिक्षकाची भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली आहे.