पहिली बाटली चेहरा विकतो

परफ्यूम विकणाऱ्यांची मोठी अडचण अशी, की वास टीव्हीवर दाखवता येत नाही. केसांची चमक दाखवता येते, साबणाचा फेस दाखवता येतो; सुगंधाबद्दल मात्र नुसतं बोलावं लागतं. इथे ओळखीचा चेहरा उपयोगी पडतो. १९९१ साली एलिझाबेथ आर्डेन कंपनीने एलिझाबेथ टेलरच्या नावाने 'व्हाइट डायमंड्स' आणलं. जाहिरातीत टेलरबाई कानातला हिरा काढून पत्त्यांच्या डावावर टाकतात. वासाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. पण टेलरबाईंचं हिऱ्यांचं वेड जगाला ठाऊक होतं. ते हिरे परवडणार नाहीत, बाटली परवडेल, एवढं गिऱ्हाइकाला पुरलं.

नाव तारकेचं असलं तरी परफ्यूम ती बनवत नाही. कंपनी तिचं नाव वापरण्याचा परवाना घेते आणि विक्रीतला वाटा देते. कसा वास हवा याचं टिपण मग जिव्होदान, आयएफएफ अशा सुगंध बनवणाऱ्या कंपन्यांकडे जातं. तिथले परफ्यूमर नमुने पाठवतात, त्यांतला एक निवडला जातो. कुणी तारका फक्त मान डोलावते. कुणी खरंच नाक खुपसते. सारा जेसिका पार्कर स्वतःसाठी वेगवेगळे सुगंध एकावर एक लावत असे, त्यातून २००५ साली 'लव्हली' आलं.

विक्रीचं खरं इंगित मला भेटवस्तूत दिसतं. नाताळात भाचीला कुठला वास आवडेल हे मामाला ठाऊक नसतं. तिला ब्रिटनी स्पीअर्स आवडते हे ठाऊक असतं. किंमत मोठ्या फॅशन घराण्यांच्या परफ्यूमपेक्षा कमी, बाटली नटवी, काम झालं! शिवाय एक नाव चाललं की त्याची भावंडं काढायची: ब्रिटनीच्या २००५ च्या 'फँटसी'मागोमाग २००६ मध्ये 'मिडनाइट फँटसी' आलं. नाव आधीच रुळलेलं असल्याने ओळख करून द्यायचा खर्च वाचतो.

पुढे मात्र जो तो परफ्यूम काढू लागला आणि नुसत्या नावाची जादू ओसरली. मग वासालाच उभं राहावं लागतं. अरियाना ग्रांदेचं 'क्लाउड' (२०१८) तिची गाणी न ऐकणारेही घेतात, कारण त्याचा वास अनेकांना 'बॅकरा रूज ५४०' या कितीतरी महागड्या परफ्यूमसारखा वाटतो.

तुम्ही घेणार असाल तर मनगटावर फवारा, अर्धा तास थांबा आणि मगच पैसे काढा. पहिल्या क्षणी येणारा वास लवकर उडून जातो. अंगावर राहतो तो नंतरचा.