पंपाची भीती, गोळीची सवय

‘एकदा पंप लागलो काय सुटणा नाय’ असं ठामपणे सांगणारी माणसं वेंगुर्ले तालुक्यात रेडी-शिरोड्याच्या बाजूला हमखास भेटतात. तीच माणसं दम्याची गोळी मात्र निर्धास्त गिळतात. हिशेब खरं तर उलटा आहे. साल्ब्युटामॉलची एक गोळी 4 मिलिग्रॅमची, म्हणजे 4000 मायक्रोग्रॅमची. पंपाच्या एका दाबात हेच औषध 100 मायक्रोग्रॅम असतं. दोन वेळा ओढलं तरी ते गोळीच्या विसाव्या भागाएवढंच भरतं.

गोळी पोटातून, यकृतातून, रक्तातून फिरत फुफ्फुसात पोचते. वाटेत हात थरथरवते, छातीत धडधड लावते. पंपातलं औषध थेट श्वासनळीत उतरतं, तिच्याभोवती आवळलेले स्नायू सैल करतं आणि पाचेक मिनिटांत घरघर कमी होते. म्हणजे घाबरायचंच असेल, तर आधी गोळीला घाबरावं.

द्विभुज गणपतीसाठी प्रसिद्ध असलेलं रेडी लोहखनिजाच्या खाणींचंही गाव. दमेकऱ्याला ती तांबडी धूळ सोसवत नाही आणि पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींची बुरशीही नाही. त्यात घराघरातला धूर. स्वयंपाकाला गॅस आला तरी न्हाणीची चूल गेलेली नाही. अंघोळीचं पाणी आजही नारळाची सोडणं आणि चुडतं पेटवून तापवलं जातं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं, की सीओपीडी या फुफ्फुसाच्या जुनाट आजाराच्या 25 ते 45 टक्के रुग्णांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढलेली नसते. चुलीचा धूर हे त्यामागचं एक मोठं कारण. डास पळवणारी कॉइलही साधी नाही: एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या धुराइतके भरतात.

पंपाची भीती असली, तरी औषध श्वासातून घेण्याची कल्पना परकी नाही. आपल्याकडे धोत्र्याचा धूर दम्यावर देत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा उपाय मद्रासहून इंग्लंडात गेला. धोत्रा विषारी, त्यामुळे तो प्रयोग आज कुणी करू नये. पण त्यातल्या ॲट्रोपीनचेच सुधारलेले वंशज, इप्राट्रोपियम आणि टायोट्रोपियम, आता सीओपीडीच्या पंपात असतात. दाबायचा पंप एका मुलीच्या प्रश्नातून आला. 1955 मध्ये रायकर या अमेरिकन औषध कंपनीच्या प्रमुखाच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारलं, की केसांचा स्प्रे डब्यात मिळतो, तर माझं औषध का नाही? पुढच्याच वर्षी तसा पंप बाजारात आला. साल्ब्युटामॉल आलं 1969 मध्ये, आणि 1976 मध्ये मुंबईच्या सिप्लाने दम्याचे पंप भारतात आणले.

आता दुसरी बाजू. लगेच आराम देणारा पंप स्नायू सैल करतो, श्वासनळीची सूज उतरवत नाही. त्यामुळे नुसता तोच ओढत राहणारा दमेकरी आतून बिघडत जातो. म्हणून ‘जिना’ या जागतिक संस्थेने 2019 मध्ये सांगितलं, की दम्याला एकटं साल्ब्युटामॉल नको, सोबत सूज उतरवणारं स्टेरॉइड श्वासातून हवंच. स्टेरॉइड म्हटल्यावर लोक दचकतात. पण इथेही मात्रा मायक्रोग्रॅमचीच. घेतल्यावर चूळ भरून टाकली की तोंडात बुरशी होण्याची भीती बरीच कमी होते.

खरा घोळ घेण्याच्या पद्धतीत असतो. पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, पंप तोंडात धरून ओठ घट्ट मिटायचे, सावकाश आत ओढायला लागताच दाबायचं आणि दहा सेकंद श्वास रोखायचा. बरेच जण आधी दाबतात, मग ओढतात. औषध घशातच राहतं आणि ठपका पंपावर येतो. मुलांना आणि म्हाताऱ्यांना हा मेळ साधत नाही, त्यांना स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, द्यावा. तो परवडत नसेल तर डॉक्टरांना विचारून अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीचा करता येतो. केप टाऊनच्या डॉक्टरांनी असा स्पेसर मुलांवर तपासला आणि तो विकतच्या इतकाच उपयोगी ठरला.

पुढच्या तपासणीला जाताना पंप सोबत न्या आणि डॉक्टरांसमोर ओढून दाखवा. पंप घेऊनही धाप थांबत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळात न्यायचं की सावंतवाडीच्या यावर घरात चर्चा करत बसू नका. आधी रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा.