वैमानिकाची मुलाखत आणि घरचें वळण

वडीलधाऱ्यांपुढें उलट बोलूं नये, हें वळण आपल्या एकत्र कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलें आहे. शाळामास्तर या नात्यानें मींही तें जन्मभर शिकविलें. त्या वळणाची परीक्षा आमच्याच माजघरांत होईल, असें मात्र कधीं वाटलें नव्हतें.

माझ्या पुतण्याचा मुलगा वैमानिक झाला आहे. व्यावसायिक परवान्यासाठीं लागणारे उड्डाणाचे २०० तास त्यानें पुरे केले. आतां एका विमान कंपनीची मुलाखत समोर आहे. ही मुलाखत म्हणजे गप्पागोष्टी नव्हेत. प्रत्येक उमेदवारास तेच प्रश्न त्याच क्रमानें विचारतात आणि उत्तरांस आधीं ठरलेल्या कसोटीनें गुण देतात. ‘तुम्ही काय कराल?’ यापेक्षां ‘तुम्हीं काय केलेंत?’ हें त्यांना अधिक हवें असतें. म्हणून उत्तराचे चार भाग पाडावे: प्रसंग कोणता, आपणांवर काम कोणतें होतें, आपण काय केलें, आणि निष्पन्न काय झालें. उड्डाणवही, परवाना, वैद्यकीय दाखला यांची जुळवाजुळव एका संध्याकाळीं झाली. अडलें तें एका प्रश्नाशीं.

मीं परीक्षक होऊन विचारलें, “वरिष्ठांशीं मतभेद झाल्याचा एखादा प्रसंग सांगा.”

“असा प्रसंग आलाच नाहीं, आजोबा.”

मला धन्य वाटलें. पण तो खालीं पाहत होता. थोड्या वेळानें म्हणाला, “आला होता. मी गप्प बसलों.”

शिक्षण चालू असतां, विमान उतरविण्यापूर्वीं फ्लॅप खालीं करण्याचें शिक्षकांकडून राहून गेलें. यानें तें पाहिलें. परंतु गुरूंस कसें सांगावें, म्हणून बोलला नाहीं. सुदैवानें शिक्षकांनाच तें वेळेवर आठवलें.

मग त्यानें मला २७ मार्च १९७७ ची हकीकत सांगितली. स्पेनच्या कॅनरी बेटांपैकीं टेनेरीफ येथें धुक्यांत दोन बोइंग ७४७ विमानें धावपट्टीवर एकमेकांवर आदळलीं आणि ५८३ माणसें प्राणांस मुकलीं. डच विमानाचा कप्तान अतिशय अनुभवी, इतर वैमानिकांस शिकविणारा. समोरचें विमान पट्टीवरून दूर झालें नाहीं काय, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनियरनें बोलून दाखविली. कप्तानानें ती उडवून लावली. पुन्हां कोणी बोललें नाहीं. हाताखालच्यानें स्पष्ट बोलावें आणि वरिष्ठानें तें ऐकावें, हा धडा पुढील वर्षांत वैमानिकांच्या शिक्षणांत मुद्दाम घालण्यांत आला. मुलाखतींतील तो प्रश्न त्याच धड्याचा आहे.

मीं विचारलें, “मग तूं पुढें काय केलेंस?” विमान उतरल्यावर त्यानें शिक्षकांपाशीं आपलें मौन कबूल केलें होतें, आणि यापुढें तत्क्षणीं बोलावयाचें, असें त्यांनीं बजावलें होतें. “तर मग हेंच सांग,” मीं म्हटलें. “रचलेल्या गोष्टीपेक्षां कबूल केलेली चूक बरी.”

‘विनय’ या शब्दांत ‘नी’ धातु आहे; त्याचा अर्थ नेणें. विनय म्हणजे मौन नव्हे. नीट मार्गानें नेणें. इतकीं वर्षें संस्कृत शिकवूनही हा अर्थ मला या वयांत उमगला.

दुसऱ्या दिवशीं सराव करतांना मी बोलून गेलों कीं, जे. आर. डी. टाटांनीं कराचीहून मुंबईस टपालाचें पहिलें विमान १९३१ सालीं आणलें.

“क्षमा करा, आजोबा. १५ ऑक्टोबर १९३२.”

सूनबाई दारांतच थबकल्या. मीं वहींत त्याला पूर्ण गुण मांडले.