कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर येत नाहीयेत? आधी ‘फॉरमॅट’वरचं बोट उचला

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे कसं’ गाळलेत, बाकी जसं बोललो तसंच.

सध्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचे दिवस परत आलेत. आईबाबांच्या कपाटातून छोटा चंदेरी कॅमेरा काढायचा, ट्रिपला न्यायचा, आणि त्या जरा धुरकट, फ्लॅश मारलेल्या फोटोंवर खूष व्हायचं. मला ते आवडतं. पण त्या कॅमेऱ्यात बरेचदा जुनं कार्डही तसंच असतं. एका श्रोत्या मैत्रिणीचा मेसेज आला की कार्ड लॅपटॉपला लावल्यावर तो ‘फॉरमॅट करू का?’ विचारतोय, आणि आत तिच्या आजीचे शेवटचे फोटो आहेत. तिला मी एकच शब्द लिहिला, ‘कॅन्सल’. का, ते पुढे येतंच. आधी साध्या भानगडी उरकू.

कॅमेरा केबलने जोडला आणि कॉम्प्युटरने साधा ‘टुंग’ आवाजही केला नाही, तर पहिला संशय केबलवर घ्या. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन डेटाच्या. बाजारात फक्त चार्जिंगच्या केबलही मिळतात, त्यांत डेटाच्या तारा नसतातच. बॅटरीचं चिन्ह हलतं, म्हणून आपल्याला वाटतं केबल चांगली आहे. जुन्या कॅमेऱ्यांना बहुतेक मिनी-यूएसबी लागते, म्हणजे मायक्रोपेक्षा जाड तोंडाची. काही कंपन्यांनी तर स्वतःच्याच आकाराची पिन दिली होती, तिथे ओळखीची दिसणारी केबल जबरदस्तीने खुपसू नका. आणि हो, कॅमेरा चालू लागतो. बरेच कॅमेरे फोटो बघायच्या मोडमध्ये, म्हणजे त्या त्रिकोणी प्लेच्या खुणेवर असले, तरच कॉम्प्युटरशी बोलतात.

आवाज आला, पण पेनड्राइव्हसारखा ई किंवा एफ ड्राइव्ह दिसत नाही? हे बिघडलेलं नसतं. कॅमेरे दोन पद्धतींनी जोडले जातात. एकीत कॅमेरा म्हणतो, ‘मला पेनड्राइव्ह समज’. त्याला मास स्टोरेज म्हणतात. दुसरीत तो म्हणतो, ‘फोटो माग, मी काढून देतो’. ही पीटीपी. पीटीपीमध्ये ड्राइव्हचं अक्षर मिळत नाही. विंडोजवर ‘धिस पीसी’मध्ये कॅमेऱ्याच्या नावाने चिन्ह येतं, नाहीतर ‘फोटोज’ अ‍ॅपमधून इम्पोर्ट करायचं. मॅकवर ‘इमेज कॅप्चर’ नावाचं अ‍ॅप आधीपासून असतं, ते उघडा. काही कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड बदलताही येतो.

खरं सांगू? मी केबलच्या नादाला लागतच नाही. कार्ड काढायचं, कार्ड रीडरमध्ये घालायचं, संपलं. कॅमेऱ्याची बॅटरी मेलेली असली तरी चालतं. टाइप-सी रीडर असेल तर बहुतेक फोनलाही थेट लागतो, लॅपटॉपचीसुद्धा गरज नाही. फक्त कार्ड कुठलं ते बघा: जुन्या सोनीत मेमरी स्टिक, जुन्या ऑलिंपस-फुजीत एक्सडी कार्ड सापडू शकतं, त्यांना वेगळा रीडर लागतो.

एसडी कार्डाची गंमत अशी की बाहेरून सगळी सारखी दिसतात, आत वेगळी. साधं एसडी साधारण २ जीबीपर्यंत, २००६ नंतरचं एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत, आणि २००९ ला आलेलं एसडीएक्ससी त्यापुढे. नवा रीडर जुनी कार्डं वाचतो, पण जुना रीडर नवी कार्डं वाचेलच असं नाही. तो गोंधळतो, आणि त्याचा गोंधळ कॉम्प्युटर आपल्यापुढे भलत्याच भाषेत मांडतो: ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’. मॅकवर हाच सापळा ‘इनिशियलाइझ’ नावाच्या बटणात असतो. त्या वाक्याचा खरा अर्थ एवढाच, की ‘मला हे वाचता येत नाहीये’. कार्ड रिकामं आहे असं तो म्हणत नाही. त्यामुळे कॅन्सल करा, दुसरा रीडर बघा, दुसरा कॉम्प्युटर बघा, कार्डाचे सोनेरी पट्टे कोरड्या मऊ कापडाने पुसा, आणि ते कार्ड मूळ कॅमेऱ्यात घालून फोटो दिसतात का तेही पाहा. तिथे दिसत असतील तर कार्ड ठीक आहे, भांडण रीडरशी आहे.

कुठेच दिसत नाहीत? तरी थांबा. कार्डावर फोटो एकीकडे असतात आणि कुठला फोटो कुठे आहे याची यादी दुसरीकडे. सोसायटीच्या जिन्याखाली नावांचा बोर्ड असतो ना, तसं. बोर्ड पडला म्हणून माणसं घर सोडून जात नाहीत. फोटो डिलीट केला किंवा घाईघाईत साधं फॉरमॅट झालं, तरी बहुतेक वेळा बोर्डच पुसला जातो. खरा धोका पुढे असतो: तुम्ही त्याच कार्डावर नवे फोटो काढता, आणि त्या घरांत नवे भाडेकरू येतात. मग जुने कायमचे गेले. म्हणून कार्ड बाहेर काढून ठेवायचं. एसडी कार्डाच्या बाजूला छोटी खिट्टी असते, ती लॉककडे सरकवली की लिहिणं बंद होतं.

आता ‘फोटोरेक’ हे अ‍ॅप. मोफत आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज-मॅक-लिनक्स सगळीकडे चालतं. काळी खिडकी बघून घाबरत असाल तर त्याचीच बटणांवाली आवृत्ती ‘क्यू-फोटोरेक’ आहे. ते बोर्डाकडे बघतच नाही, दारोदार फिरतं. प्रत्येक जेपीजी फाइलची सुरुवात ठरलेल्या बाइट्सनी होते, एफएफ डी८ एफएफ. ती खूण दिसली की तिथून फोटो उचलतं. नावं परत मिळत नाहीत, आणि एखादा फोटो अर्धा करडा निघू शकतो. सापडलेले फोटो लॅपटॉपवर साठवा, त्याच कार्डावर अजिबात नको. कार्ड मध्येच बंद पडत असेल, तर आधी त्याची जशीच्या तशी इमेज काढून घ्या आणि शोध त्या इमेजमध्ये घ्या. आणि कार्ड कुठेच ओळखलं जात नसेल, त्याचा आकारसुद्धा दिसत नसेल, तर सॉफ्टवेअरचा उपयोग नाही. डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या, आणि खर्चाचा आकडा आधी विचारा.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. एक, बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत थोडी आतली मेमरीही असते. कार्ड घातलं की कॅमेरा ती दाखवत नाही. कार्ड काढा, कॅमेरा चालू करा, एखादा खजिना तिथे असेल. तो आणायला मात्र केबल लागू शकते.

दुसरी, तारीख. वर्षानुवर्षं बॅटरीविना पडलेल्या कॅमेऱ्याचं घड्याळ मागे जातं. मग काल काढलेला फोटो गॅलरीत २००७ च्या खाली जाऊन बसतो आणि आपण म्हणतो, इम्पोर्टच झाला नाही. खाली स्क्रोल करून बघा.

आणि फोटो आणताना ‘कट’ करू नका, ‘कॉपी’ करा. डीसीआयएम फोल्डर अख्खं कॉपी करायचं, पाच-सहा फोटो मोठे करून उघडून बघायचे, दुसरीकडे एक प्रत ठेवायची. त्यानंतर कार्ड रिकामं करायचंच असेल, तर कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

तुमचं कार्ड यातल्या कुठल्या पायरीवर अडलंय ते कळवा. कॅमेऱ्याचं मॉडेल आणि स्क्रीनवरचा मेसेज जसाच्या तसा लिहा. भेटू पुढच्या भागात.