पुण्याची नीरा, तमिळनाडूची सावित्री

कुंभकोणमजवळ कावेरीच्या काठी तिरुविसनल्लूर नावाचं गाव आहे. कार्तिक अमावास्येला तिथल्या एका घराच्या विहिरीत गंगा अवतरते अशी श्रद्धा आहे आणि त्या दिवशी स्नानासाठी भाविकांची रीघ लागते. ते घर श्रीधर वेंकटेश अय्यावाळ या संतकवींचं. मराठी माणसाला मात्र या गावाची ओळख आणखी एका कारणाने हवी. 1693 साली तंजावरचे मराठे राजे शहाजी भोसले यांनी हे गाव चाळीसहून अधिक विद्वानांना दान दिलं आणि त्याचं नाव झालं शहाजीराजपुरम.

हे शहाजीराजे स्वतः लेखक होते. त्यांनी तेलुगूत लिहिलं, मराठीत नाटकं लिहिली. सांगलीत विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' रंगलं 1843 मध्ये. त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी कावेरीकाठी मराठी नाटक लिहिलं जात होतं! भोसल्यांच्या घरातला एक राजा तिकडे जाऊन तिथलाच झाला.

पुढे अडीचशे वर्षांनी आणखी एक मराठी कलावंत तमिळ मुलखात गेली. ती राजघराण्यातली नव्हती. सोलापूर जिल्ह्यातल्या दुधनी गावात 1916 साली जन्मलेली ती एका स्टेशनमास्तरांची मुलगी होती. तिचं नाव शांता आपटे.

गाणारी मुलगी

शांताबाईंचा गळा लहानपणापासूनच गोड. पंढरपूरला त्या गाणं शिकल्या, पुण्याच्या गणेशोत्सवात भजनं गाऊ लागल्या. बोलपट नुकताच सुरू झाला होता. पार्श्वगायनाची सोय नव्हती, त्यामुळे पडद्यावर जी दिसेल तिलाच गाता आलं पाहिजे. चांगल्या घरच्या मुलींनी सिनेमात जाणं म्हणजे तर नाव घालवणंच! अशा वेळी भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर' (1932) मध्ये ही मुलगी राधा झाली आणि पुढे 'प्रभात'मध्ये दाखल झाली. 'अमृतमंथन' (1934), 'अमरज्योती' (1936) या व्ही. शांतारामांच्या चित्रपटांनी तिला घरोघरी नेलं.

मग आला 'कुंकू'. 1937 सालचा हा चित्रपट हिंदीत 'दुनिया न माने' नावाने निघाला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो बेतला होता. फसवून एका वयस्क विधुर वकिलाच्या गळ्यात बांधलेली नीरा हे लग्नच मानायला नकार देते. रडत नाही, जीव देत नाही, पळूनही जात नाही. त्याच घरात राहून ती म्हणते, हा अन्याय आहे. अंगचटीला येऊ पाहणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने झोडपते, तेव्हा थिएटरमधल्या बायकांना काय वाटलं असेल, कल्पना करा. त्यांतल्या कितीजणी स्वतःच बिजवराशी लग्न करून आलेल्या असतील!

नवऱ्याच्या भूमिकेत केशवराव दाते होते. त्यांचे काकासाहेब खलनायक वाटत नाहीत, हेच या चित्रपटाचं मोठेपण. त्यात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, घरातले आवाज एवढंच ऐकू येतं. आणि अशा घरात ही कोकणस्थी वळणाची तरुणी लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. ते दृश्य आजही पाहण्यासारखं आहे.

स्टुडिओच्या दारात उपोषण

पडद्यावरची नीरा आणि प्रत्यक्षातल्या शांताबाई यांच्यात अंतर फार नव्हतं. 1939 च्या जुलैत पगार आणि करारावरून कंपनीशी वाद झाला. त्या काळी नटनट्या महिन्याच्या पगारावर बांधलेल्या असत, कारखान्यातल्या कामगारासारख्या. शांताबाई सरळ 'प्रभात'च्या फाटकात उपोषणाला बसल्या! गांधीजींचं शस्त्र एका नटीने उचललं म्हणून वर्तमानपत्रांना खाद्य मिळालं. काहींनी थट्टा केली. 'प्रभात'शी त्यांचं नातं मात्र तुटलं.

पुढच्याच वर्षी, 1940 मध्ये, त्यांचं पुस्तक आलं, 'जाऊ मी सिनेमात?' नाव वाचून वाटेल की हौशी मुलींसाठी पाठराखण असेल. प्रत्यक्षात त्यांनी या धंद्यात पैसा कुणाचा, कष्ट कुणाचे आणि नफा कुणाच्या खिशात जातो, हे लिहिलं. चोवीस वर्षांच्या नायिकेने असं लिहावं हे आजच्या तारकांनाही जमणार नाही.

भाषा शिकून सावित्री

याच वळणावर दक्षिणेचं बोलावणं आलं. दिग्दर्शक वाय. व्ही. राव 'सावित्री' हा तमिळ चित्रपट करत होते. सत्यवान स्वतः राव आणि सावित्री म्हणून हवी होती 'कुंकू'ची नायिका. आज घरोघरी मुली कोरियन मालिका पाहतात, खाली अक्षरं उमटतात, काम भागतं. तेव्हा तशी सोय कुठली? दुसऱ्याचा आवाज घेण्याची वाटही शांताबाईंनी धरली नाही. तमिळ शिकण्यात त्यांनी सुमारे वर्ष घालवलं. संवाद स्वतः बोलल्या, गाणी स्वतः गायल्या. तमिळमधला 'ழ' उच्चारताना मराठी जीभ कशी अडखळते, हे ज्याने प्रयत्न केलाय त्यालाच ठाऊक!

त्याच चित्रपटात नारदमुनी कोण होते माहीत आहे? एम. एस. सुब्बुलक्ष्मी! 'कल्की' कृष्णमूर्ती आणि सुब्बुलक्ष्मींचे पती सदाशिवम यांना 'कल्की' साप्ताहिक काढायचं होतं. त्यासाठी भांडवल हवं म्हणून सुब्बुलक्ष्मींनी पुरुषाची ती भूमिका पत्करली. 1941 साली चित्रपट आला, त्याच वर्षी साप्ताहिकही निघालं. एका पडद्यावर दोन थोर गळे. एक जण नवऱ्याच्या स्वप्नासाठी उभी होती, दुसरी कंपनीची नोकरी सोडून स्वतःच्या हिमतीवर.

नंतरची वर्षं

दक्षिणेत शांताबाईंनी मुक्काम ठोकला नाही. 1942 मध्ये लाहोरच्या पंचोलींचा 'जमीनदार' केला. 'सुभद्रा' (1946) मध्ये त्यांच्याबरोबर कोवळ्या वयाची लता मंगेशकर होती. 'वाल्मिकी', 'स्वयंसिद्धा', मराठीत 'शिलंगणाचं सोनं' असे चित्रपट येत राहिले. पण पार्श्वगायन रुळलं आणि गाणारी नायिका ही गरजच उरली नाही. 'कुंकू'च्या तोडीची भूमिका पुन्हा कुणी लिहिली नाही. पौराणिक चित्रपटांतल्या देवी आणि राण्या वाट्याला आल्या.

24 फेब्रुवारी 1964 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं, तेव्हा पन्नाशीही उलटली नव्हती. नाटक, चित्रपट आणि मालिकांमधून मराठी प्रेक्षकांना चांगल्याच परिचयाच्या असलेल्या नयना आपटे या त्यांच्या कन्या.